मागची सीट : जमा रुपये साडेतीनशे

गेल्या साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, निपाणीत माझ्या साडूंच्या सोप्यावर, चाळीस हजार रुपयांचा एक अंदाज मांडण्यात आला. हजर माणसं चार : साडू, त्यांची बायको म्हणजे माझी थोरली मेव्हणी, माझी पत्नी आणि मी. अंदाज मी लिहिला, कारण पतसंस्थांचे हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय आहे आणि नात्यात असा माणूस असला की कागद-पेन आपोआप त्याच्याच पुढ्यात येतं. काम होतं साडूंची सव्वीस वर्षं वापरलेली मोटारसायकल मोडून तिची नवी गाडी करायचं. नवी म्हणजे काय, हे सांगण्याआधी साडूंबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. वजाबाकीवर इतका जीव असलेला दुसरा माणूस कर्नाटकात नाही आणि महाराष्ट्रातही नसावा. बेळगावात, म्हणजे हद्दीवर राहत असल्यामुळं दोन्हीकडची माणसं माझ्या रोजच्या पाहण्यात आहेत, तेव्हा हे मी अंदाजानं लिहीत नाही.

साडूंना मी अण्णा म्हणतो, ते मला पावणं म्हणतात. गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर ते नोकरीला आहेत आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. अण्णांच्या हाती कुठलीही वस्तू आली की ते ती उलटीसुलटी करून बघतात आणि विचारतात, "ह्येचं काम काय?" उत्तर पटलं नाही की तो भाग गेला. छत्रीची वाकडी मूठ गेली, कारण छत्री ते काखेत धरतात. घड्याळाचा पट्टा गेला आणि घड्याळ खिशात आलं. शर्टांच्या कॉलरी गेल्या, तेव्हा शिंप्यानं हात जोडले, "अण्णा, हे शर्ट मी शिवल्यात म्हणून कुणाला सांगू नगासा." टेबल फॅनची जाळी वारा अडवते म्हणून त्यांनी तीही काढली. ती मात्र आक्कानं संध्याकाळच्या आत सुतळीनं परत बांधली आणि म्हणाली, "बोटं तुटली तर तीबी जास्तीचीच हुती म्हणशीला!" आक्का म्हणजे माझी मेव्हणी. घरात अण्णांची वजाबाकी अडवणारी ती एकटीच.

बोलण्यातही हाच प्रकार. फोन केला तर नाव नाही, गाव नाही, "पोचलो" एवढं म्हणून फोन बंद. कोण पोचलं, कुठं पोचलं, हे आपण आवाजावरून ओळखायचं. एकदा त्यांच्या शेजारी एक म्हातारे वारले. सगळे जाऊन चार-चार वाक्यं बोलून आले. अण्णा गेले, दीड तास भिंतीला टेकून बसले, एक शब्द न बोलता उठून आले. त्या घरची माणसं अजून सांगतात की त्या दिवशी खरा धीर अण्णांनी दिला.

सगळ्यात मोठी वजाबाकी पोरीच्या लग्नात झाली. आमच्याकडं लग्नपत्रिकेत खाली आजे, काके, मामे, मावसे, त्यांच्या सुना-नातवंडांसकट पन्नास-साठ नावं असतात आणि प्रत्येकजण पत्रिका हातात आली की आधी आपलं नाव शोधतो. अण्णांनी छापखान्यात जाऊन चार ओळींची पत्रिका केली : मुलगी, मुलगा, वेळ, खानापुरातलं कार्यालय. नावं काढल्यामुळं कागद अर्धा झाला आणि बाराशे रुपये वाचले. ही बचत मला त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितली आणि खरं सांगायचं तर मीही ती वहीत लिहून घेतली. लग्नाच्या दिवशी आक्काच्या चुलत मामांनी अक्षतांच्या आधी माईक ताब्यात घेतला आणि राहिलेली त्रेपन्न नावं पाठ म्हणून दाखवली. भटजी मुहूर्त चाललाय म्हणून घड्याळ दाखवत होते. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बगा, कागुद वाचला का न्हाय?"

अशा माणसाला कुणीतरी फोनवर परदेशातल्या एका मोटारसायकलीचा व्हिडिओ दाखवला. तिला मागचे शॉक नव्हते, मडगार्ड नव्हते, साइडचे पत्रे नव्हते. एक सांगाडा, एक इंजिन, दोन चाकं. अण्णांनी तो अकरा वेळा पाहिला, असं आक्का सांगते. आयुष्यभर आपण घरात बसून जे करतो आणि ज्यासाठी बोलणी खातो, तेच जगात कुणीतरी मानानं करतंय, हे त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. "हार्डटेल म्हणत्यात," त्यांनी मला समजावलं. "म्हंजे शेपूट ताठ. मागचं चाक सरळ सांगाड्यालाच. मधी कायबी न्हाय."

"आणि खड्डा आला तर?" मी विचारलं.

"आला तर कळंल की."

मी सरळ माणूस आहे. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, तो कापायचा तर परिवहन खात्याची परवानगी लागते, हे मी त्यांना तोंडी सांगितलं आणि नंतर लेखीही बजावलं. परवानगीसाठी त्यांनी हेलपाटे घातले हे खरं, पण माझं पत्र त्यांनी चार घड्या घालून टाकीखाली पॅकिंगला वापरलं, हेही खरं. हॉर्न आणि मागचा दिवा मात्र माझ्या हट्टामुळं राहिले.

काम बेळगावात उद्यमबागेतल्या एका वेल्डरकडं ठरलं. सांगाडा निपाणीहून आणायला वेगळं भाडं नको म्हणून अण्णा तो मिरचीच्या टेंपोत, पोत्यांवर आडवा घालून आणि स्वतः त्याला धरून घेऊन आले. वेल्डर दोन दिवस शिंकत होता. मजुरी कमी व्हावी म्हणून कानस मारायचं काम अण्णांनी स्वतःकडं घेतलं. तीन रविवार ते पालथ्या डब्यावर बसून वेल्डिंगचे सांधे घासत होते, इतके की कुठं जोड आहे ते बोटाला लागू नये. वेल्डर म्हणाला, "अण्णा, एवढं कोण बगतंय?" अण्णा म्हणाले, "मी." टाकी भंगारातल्या एका जुन्या मोपेडची, चारशेला. बसायला दूधवाल्याच्या सायकलीची स्प्रिंगची सीट, दीडशेला. रंग काळा, कारण दुसरा रंग घेतला की त्याला शोभणारा आणखी एक घ्यावा लागतो. पैशाची तंगी होतीच, पण मी पाहिलेल्या शेकडो हिशेबांत हा एकच असा होता की वस्तू जितकी कमी होत जाई तितकी शिल्लक वाढत जाई. काढलेला प्रत्येक भाग अण्णा विकत आणि मी जमेला धरत असे.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी निपाणीत सोप्यावर बसून मी जमेची बाजू वाचून दाखवली. आक्का ताटात तीळ निवडत होती, माझी पत्नी शेजारी होती. मी वाचत गेलो : मागचे दोन शॉक, नऊशे. सायलेन्सर, सातशे. मडगार्ड आणि पत्रे, सहाशे चाळीस. मीटर, पाचशे. लेग गार्ड आणि कॅरियर, साडेचारशे. मागची सीट, साडेतीनशे. साडी गार्ड आणि बायकांच्या पायाचं फूटरेस्ट, एकशेवीस. एकूण जमा तीन हजार सहाशे साठ. बेरीज मी दोनदा तपासली होती. अण्णा खुशीत मान हलवत होते.

आक्काचा हात ताटात थांबला. "आन् मी कुटं बसायचं?"

मी वहीकडं पाहिलं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. आम्हा दोघांच्या डोक्यात हा प्रश्न एकदाही आला नव्हता, हे देवाशपथ सांगतो. गाडीवर काय काय आहे हे आम्ही तीन महिने मोजत होतो, आणि त्या गाडीवर सव्वीस वर्षं मागं बसलेलं माणूस आमच्या समोर तीळ निवडत होतं.

अण्णा काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "तू अशी कवा बसतीस गं?"

"महिन्याच्या पैल्या रविवारी. लगीन झाल्यापासनं." एवढं म्हणून आक्कानं ताट उचललं आणि ती आत गेली.

त्यानंतर ती चिडली, भांडली असं काही झालं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तिनं आधार कार्ड पिशवीत टाकलं आणि निपाणीच्या स्टँडवरून बेळगावची बस धरली. आमच्या कर्नाटक सरकारनं बायकांना बसप्रवास फुकट केला आहे, कार्ड दाखवायचं आणि शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. ती बेळगावजवळच्या हिंडलग्याला माहेरी गेली, संध्याकाळी टिळकवाडीत आमच्याकडं चहाला आली आणि शून्याचं तिकीट माझ्यापुढं धरून म्हणाली, "लिव्हा पावणं, जमंला." मी हसलो, पण मला ते लागलं. मग तिला नादच लागला. संकेश्वरचा बाजार, गोकाकची एक मैत्रीण, सौंदत्तीचं देवीदर्शन, एकदा तर नुसतं धारवाडला जाऊन पेढे घेऊन आली. मार्च महिन्यात सात फेऱ्या झाल्या. आक्काचं कन्नड आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं, त्यामुळं साडेनऊच्या बसचा कंडक्टर तिला दारातच "बर्री अक्कार, कुंड्री" (या आक्का, बसा) म्हणून पुढची जागा करून देई.

खरी गोष्ट मला माझ्या पत्नीकडून कळली. दोघी बहिणी आमच्या गच्चीवर पापड वाळत घालत असताना आक्का तिला म्हणाली होती, "अगं, शीट गेली त्येचं काय न्हाय. घरात ह्ये माणूस कवा बोलतंय सांग बगू? 'जेवलो', 'निगालो', संपलं. गाडीवर बसलं, तोंड रस्त्याकडं झालं, मागचं माणूस दिसंना झालं की मग बोलत्यात. बेळगाव येस्तोवर बोलत्यात. भावाचं, शेताचं, पंपाचं, ल्हानपणीचं. पोरीच्या लग्नात रडलं न्हाईत, पर दुसऱ्या महिन्यात संकेश्वराच्या फुडं रडलं. मला खांदं हाललेलं दिसलं. ती माझी बोलायची जागा हुती. त्यांनी साडेतीनशेला इकली."

सीटची किंमत मी चुकीची लावली होती, पण ती बरोबर किती लावायची, हे मला अजून सांगता येणार नाही.

गाडी पाडव्याला तयार झाली. एकूण खर्च बेचाळीस हजार चारशे वीस, वजा जमा तीन हजार सहाशे साठ, निव्वळ अडतीस हजार सातशे साठ. अंदाजाच्या आत. आणि ती देखणी होती, हे मोटारसायकलीतलं काही न कळणारा माणूस म्हणून मी सांगतो. काळीभोर, सडसडीत, तिच्याकडं पाहताना नजर कुठंच अडत नसे. अण्णा पहिल्यांदा ती घेऊन निपाणीहून आमच्या दारात आले तेव्हा गल्लीतली अर्धी माणसं गोळा झाली. मी म्हटलं, "या अण्णा, बसा." ते दरवाजाच्या चौकटीला धरून उभे राहिले. "नगं. बसूनच आलोय." पाऊण तास ते उभ्यानंच चहा प्याले. लोक बाहेर फोटो काढत होते आणि अण्णा मात्र कोपऱ्यावरच्या बस थांब्याकडं बघत होते. "ही आली का?" त्यांनी हळूच विचारलं. आक्का दोन तास आधीच हिंडलग्याला पोचली होती.

तेव्हापासून दर रविवारी एक नवं दृश्य दिसू लागलं. साडेनऊची बस सुटली की तिच्या मागोमाग अण्णा सुटत. पुढं जायचं नाही, फार मागंही राहायचं नाही. बस थांबली की तेही थांबत, कपाळाचा घाम पुसत, खिडकीकडं बघत. आक्का सांगते की कंडक्टरला संशय आला आणि त्यानं कन्नडमध्ये तिला विचारलं, हा बिनकॉलरचा माणूस आपल्या मागं का लागलाय, कोण आहे हा? आक्का म्हणाली, "आमच्या गावचेच आहेत. गरीब आहेत, काही करत नाहीत."

शेवटी एप्रिलमध्ये अण्णा माझ्याकडं आले आणि मान खाली घालून म्हणाले, "पावणं, अंदाजात किती उरल्यात?" बाराशे चाळीस उरले होते. त्यांतल्या साडेअकराशेत त्यांनी बेळगावातल्या एका सीटवाल्याकडून मागची गादी करून घेतली. काळं रेक्झिन, आत जाड फोम, दोन स्प्रिंगा, पाय ठेवायला पट्टी, साडी अडकू नये म्हणून जाळी. आयुष्यात त्यांनी एखाद्या वस्तूत काही घातल्याची माझ्या माहितीतली ही पहिली वेळ. आक्कापुढं गाडी उभी केली तेव्हा ते पोरासारखे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. आक्कानं वांगी दाबून बघावीत तशी गादी दाबून बघितली. "चांगली झालीया," ती म्हणाली. मग घराला कुलूप लावून पिशवी खांद्याला अडकवली. "माझी बस हाय साडेनवाची."

ती रागावली असती तर अण्णांना कळलं असतं. पण तिला आता बसमधली माणसं होती, गप्पा होत्या, शेंगा होत्या. तिचं चांगलं चाललं होतं आणि अण्णांच्या मागं कुणी नव्हतं. त्या दिवसांत ते मला फोन करत आणि "हं" म्हणून बंद करत.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सकाळी अकराच्या सुमाराला बेळगावच्या बस स्टँडवर आक्काला आणायला गेलो होतो, कारण तिच्याकडं आंब्याच्या दोन पिशव्या होत्या. बस वीस मिनिटं उशिरा आली. आधी आक्का उतरली आणि तिच्या मागून दोन्ही हातांत पिशव्या धरून अण्णा उतरले. हात कोपरापर्यंत काळे, गालावर ग्रीस, आणि तोंड चालू. मला बघूनही ते थांबले नाहीत. "तर तवा तो तीन नंबरचा पंप, त्येचा आवाज मला झोपेत कळायचा गं," असं काहीतरी ते आक्काला सांगत होते. मी पिशवी घ्यायला हात पुढं केला, तर माझ्या हातात पिशवी देऊन ते तसेच बोलत पुढं गेले.

घरी आल्यावर आक्कानं सगळं सांगितलं. हत्तरगीच्या अलीकडं गाडीची चेन तुटली होती. पैसे वाचवायला अण्णांनी दोन जुन्या चेना जोडून एक केली होती, ती जोडावरच गेली. आक्कानं खिडकीतून पाहिलं तर ते मागं एवढेसे होत चाललेले. तिनं बसचा पत्रा हातानं बडवला. ड्रायव्हर ओरडला, पण बस थांबली. आक्कानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "अवो, काय हुडकताय?"

"लिंक पडलीया चेनची."

"रात हुईस्तोवर घावंल. चला वर."

"गाडी?"

"ती काय वर येती व्हय? तुमी चला."

अण्णांनी गाडी रस्त्याकडेच्या उसाच्या रसवाल्याजवळ ढकलत नेऊन ठेवली आणि बसमध्ये चढले. आक्काच्या शेजारची बाई उठून मागं गेली. अण्णा बसले, समोर काचेतून रस्ता दिसत होता, आणि दोन मिनिटांत त्यांना कंठ फुटला. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर ते बोलत होते.

"काय बोलत होते एवढं?" माझ्या पत्नीनं विचारलं. अण्णा तेव्हा मोरीत हात धूत होते.

आक्का आंबे मांडत होती. "पंपाचंच. दोन वर्सांनी रिटायर झालो की घरात मी जास्तीचा हुईन का, म्हणत हुते."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पिशव्या कुणी उचलायच्या मग?"

एवढंच तिनं सांगितलं आणि सुरी मागितली.

गाडी आठवड्याभरानं टेंपोतून निपाणीला परत गेली. चेन आता नीट आहे. इतर दिवशी अण्णा ती पंपावर घेऊन जातात, लोक अजून थांबून बघतात. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सोप्याशेजारी उभी असते, मागच्या गादीचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही, आणि दोघं साडेनऊच्या बसनं येतात. टेंपोचं भाडं आणि नवी चेन अण्णांनी हिशेबात धरू दिली नाही, तो त्यांच्या मते दुरुस्तीचा भाग होता. मात्र त्या रविवारी हात धुऊन ते माझ्यापुढं बसले आणि म्हणाले, "पावणं, वही काढा. एक राहिलंय." गाडीला पेटी नव्हती आणि अण्णांनी पाकीट वापरणं कधीच सोडलं होतं, त्यामुळं बसमध्ये त्यांच्याजवळ तिकिटाला पैसे नव्हते. मी विचारलं, कुठल्या खात्यात लिहू? "शिटच्या," ते म्हणाले.

तेव्हा शेवटची नोंद अशी आहे : सीट, रुपये पंचावन्न, बसच्या कंडक्टरला दिले, हस्ते आक्का. एकूण निव्वळ खर्च एकोणचाळीस हजार नऊशे पासष्ट.